जवसाच्या चटणीच्या पाकिटावर काय छापावे? धान्ये, हळद आणि सूक्ष्मजीवांतील आरोग्यदायी घटकांविषयी चर्चा

जवसफूल, औसा तालुका

सर्वांना नमस्कार. आमचा महिला बचत गट जवस, कारळ आणि शेंगदाण्याची चटणी तयार करून लातूरच्या दुकानांत व प्रदर्शनांत विकतो. अलीकडे एका वितरकाने आमच्यासमोर प्रस्ताव ठेवला आहे. पाकिटावर ‘कर्करोगरोधक’, ‘हृदयविकारापासून संरक्षण’ आणि ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवणारी’ असे शब्द छापले, तर तो आमचा सगळा माल आतापेक्षा बऱ्याच चढ्या भावाने उचलण्यास तयार आहे. पुढे जवसाच्या अर्काच्या कॅप्सूलही आमच्या नावाने बाजारात आणाव्यात, असे त्याचे म्हणणे आहे. गटातल्या काही जणींना ही संधी सोडू नये असे वाटते, कारण घर चालवण्याचा भार त्यांच्यावर आहे आणि त्यांची निकड मला समजते. परंतु जे आपल्याला ठाऊक नाही ते छापून विकणे मला मान्य नाही. जवसात नेमके कोणते घटक असतात, ते शरीरात कसे काम करतात, भाजल्याने ते टिकतात की जातात, आणि त्यांपैकी कोणती गोष्ट आपण प्रामाणिकपणे ग्राहकाला सांगू शकतो, हे जाणकारांनी समजावून सांगावे, अशी विनंती आहे.

काळी_कसदार, परभणी

ताई, मी अन्नशास्त्र शिकवतो, म्हणून जवसापासूनच सुरुवात करतो. उत्तर लांबेल, परंतु ते थोडक्यात उरकण्यासारखे नाही.

जवसाच्या दाण्यात सुमारे ४० टक्के तेल असते आणि त्या तेलात साधारण निम्मा वाटा अल्फा लिनोलेनिक आम्लाचा असतो. हे ओमेगा-३ गटातील स्निग्ध आम्ल आपले शरीर स्वतः तयार करू शकत नाही, म्हणून ते आहारातूनच मिळवावे लागते. मात्र माशांच्या तेलात जी लांब साखळीची ओमेगा-३ आम्ले असतात, त्यांच्यात याचे रूपांतर आपल्या शरीरात फारच कमी प्रमाणात होते. त्यामुळे ‘माशाच्या तेलाला शाकाहारी पर्याय’ असे सरसकट म्हणणे बरोबर नाही.

दुसरा घटक लिग्नान, म्हणजे वनस्पतींत नैसर्गिकरीत्या असणारे एक संयुग. खाण्याच्या पदार्थांमध्ये जवस हा त्याचा सर्वांत समृद्ध स्रोत मानला जातो. तो दाण्याच्या टरफलात असतो आणि गाळलेल्या तेलात जवळजवळ उतरत नाही, त्यामुळे तेल पिणाऱ्याला लिग्नान मिळत नाही आणि दळलेला जवस खाणाऱ्याला मिळतो. पण खरी महत्त्वाची गोष्ट याच्या पुढे आहे. जवसातला लिग्नान पोटात गेल्यावर जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू आधी त्याला जोडलेली साखर वेगळी करतात, नंतर टप्प्याटप्प्याने त्याची रचना बदलतात आणि शेवटी एन्टेरोडायॉल व एन्टेरोलॅक्टोन हे पदार्थ तयार होतात. रक्तात पोहोचतात ते हे पदार्थ. म्हणजे अर्धे काम वनस्पती करते आणि उरलेले अर्धे आपल्या आतड्यातले सूक्ष्मजीव करतात. ते सूक्ष्मजीव प्रत्येकाच्या पोटात सारखे नसल्यामुळे एकाच वाटीतली चटणी खाणाऱ्या दोन माणसांच्या रक्तात या पदार्थांचे प्रमाण फार वेगळे असू शकते. फिनलंडमध्ये झालेल्या अभ्यासात, ज्यांनी प्रतिजैविके घेतली होती त्यांच्या रक्तात एन्टेरोलॅक्टोन कमी आढळले. औषधाने आतड्यातले जीवाणू घटले की असे होणारच.

हाच प्रकार सोयाबीनचा. त्यातल्या डेडझीन या घटकापासून इक्वॉल नावाचा अधिक प्रभावी पदार्थ तयार करणारे जीवाणू काही माणसांच्याच आतड्यात असतात. पाश्चात्त्य देशांत असे लोक साधारण चौथा ते तिसरा हिस्सा, तर जपानमध्ये जवळपास निम्मे आढळतात. डाळिंबातल्या टॅनिनपासून युरोलिथिन तयार होण्याचेही असेच आहे. लातूरच्या अडतीवर सोयाबीनचे ढीग लागतात, पण ते तेलाच्या गिरणीला आणि पेंडीला जातात, आपल्या ताटात फारसे येत नाहीत, याची मला नेहमी खंत वाटते.

म्हणून एखाद्या घटकाचे नाव पाकिटावर छापले की त्याचा गुण प्रत्येक ग्राहकाला मिळेलच, असे आश्वासन शास्त्र देत नाही. जवसाविषयी ठोस पुरावा आहे, नाही असे नाही. कॅनडात पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांवर झालेली आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. तीत सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेला जवस दिल्यावर वरचा रक्तदाब तुलनेच्या गटापेक्षा सुमारे १० अंकांनी कमी राहिला. परंतु ती चाचणी विशिष्ट आजाराच्या रुग्णांवर झाली होती, औषधे चालू असताना झाली होती, आणि जवस पाव, मफिन, शेवया अशा पदार्थांत मिसळून दिला होता.

जवसफूल, औसा तालुका

सर, मनापासून आभार. ३० ग्रॅम म्हणजे आमच्या हिशोबाने मोठे चार चमचे होतात. चटणीतून एवढा जवस रोज पोटात जाणे शक्य वाटत नाही. शिवाय आम्ही जवस लोखंडी कढईत मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजतो, त्याविषयीही सांगावे.

काळी_कसदार, परभणी

आपला हिशोब बरोबर आहे आणि त्यात एक महत्त्वाचा मुद्दा दडलेला आहे. चार मोठे चमचे जवस चटणीच्या रूपात खायचा झाल्यास त्याबरोबर मीठही बरेच जाईल, आणि रक्तदाबाच्या रुग्णाला ते सोसणारे नाही. ज्याला जवसाचा उपयोग करून घ्यायचा आहे त्याने बिनमिठाची जवसाची पूड भाकरीच्या पिठात मळून घ्यावी. ही पूड आपला गट वेगळ्या पाकिटात विकू शकेल.

भाजण्याविषयी मनात शंका ठेवू नका. कच्च्या जवसात लिनुस्टॅटिनसारखे काही घटक असतात आणि त्यांच्यापासून अल्प प्रमाणात हायड्रोसायनिक आम्ल सुटते. भाजल्याने ते घटक कमी होतात, तर लिग्नान बऱ्यापैकी तग धरतो. आपल्या आज्या जवस भाजल्याशिवाय कुटत नसत, ही पद्धत योग्यच होती. अखंड दाणा मात्र बराचसा न पचता बाहेर पडतो, त्यामुळे कुटणे किंवा दळणे आवश्यक आहे. जपायचे ते पुढे. दाणा फुटला की त्यातल्या तेलाला हवा लागते, आणि अल्फा लिनोलेनिक आम्ल इतर तेलांच्या मानाने फार लवकर खराब होते. उघड्या डब्यात उन्हाळ्यात ठेवलेली जवसाची चटणी काही दिवसांतच खवट लागू लागते. आच मंद ठेवावी, जवस करपू देऊ नये, आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय कुटू नये.

हळकुंड, वसमत

मी हळद उत्पादक आहे. आमच्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि हिंगोलीच्या बाजारात हंगामात रोज मोठी आवक असते. जवसासारखाच हळदीविषयी मला प्रश्न आहे. आम्ही काढणीनंतर कंद कुकरच्या ड्रममध्ये वाफेवर शिजवतो, ताडपत्रीवर वाळवतो आणि मग पॉलिश करतो. व्यापारी रंग पाहून आणि हळकुंड मोडून भाव ठरवतो. आता काही कंपन्या कुरक्युमीनची, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाची, टक्केवारी विचारू लागल्या आहेत. जेवणातल्या हळदीतून कुरक्युमीन खरोखर मिळते का, की त्यासाठी गोळ्याच घ्याव्या लागतात?

बालाघाटचा_वैद्य, अंबाजोगाई

दादा, मी आधुनिक वैद्यकाचा डॉक्टर असून माझ्याकडे बीड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतून रुग्ण येतात. आपल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतूनच स्पष्ट होईल. वाळलेल्या हळदीत कुरक्युमीन व त्याच्या जातीचे घटक मिळून साधारण २ ते ५ टक्के असतात. एक छोटा चमचा हळद म्हणजे सुमारे ३ ग्रॅम. त्यातून ३ टक्क्यांच्या हिशोबाने ९० मिलिग्रॅम कुरक्युमीन मिळेल, आणि एका माणसाच्या वाट्याला दिवसभरात तेवढीही हळद सहसा येत नाही. चाचण्यांमध्ये मात्र अनेकदा ५०० मिलिग्रॅमपासून २ ग्रॅमपर्यंत मात्रा वापरलेली असते. त्यातही कुरक्युमीन पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातून रक्तात फारच थोडे जाते. बंगळुरूमध्ये झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २ ग्रॅम कुरक्युमीनबरोबर मिऱ्यातले पायपरीन २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा रक्तातले प्रमाण २,००० टक्क्यांनी वाढले. गोळ्यांच्या बाटल्यांवर हा आकडा ठळक छापलेला असतो. पायपरीन हे कसे साधते, हे मात्र त्यावर छापलेले नसते. यकृत आणि आतडे बाहेरचे पदार्थ ज्या यंत्रणेने निकामी करून बाहेर टाकतात, त्या यंत्रणेलाच पायपरीन काही काळ रोखून धरते. त्यामुळे रुग्ण जी इतर औषधे घेत असतो त्यांचेही रक्तातले प्रमाण बदलू शकते. फिट्सच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्याला हे महागात पडू शकते.

गेल्या काही वर्षांत इटलीत आणि अमेरिकेत, शोषण वाढवलेल्या हळदीच्या गोळ्या घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला. स्वयंपाकातल्या हळदीचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. अर्काची गोळी ही वेगळीच वस्तू आहे आणि घरातल्या हळदीचा अनुभव तिला लागू होत नाही. माझ्याकडे मधुमेहाचे काही रुग्ण सदाफुलीची पाने चावून खात असल्याचे सांगतात, तेव्हा मला खरोखर भीती वाटते. याच झाडातून व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरची अत्यंत तीव्र औषधे मिळतात. ती रुग्णालयात मिलिग्रॅमच्या हिशोबाने, रक्ताच्या तपासण्या करत दिली जातात.

बालाघाटात सीताफळ घरोघरी असते, म्हणून त्याचाही उल्लेख करतो. त्याच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावण्याची प्रथा अजून आहे. त्या बियांतली ॲसिटोजेनिन ही द्रव्ये कीटकांना मारणारी आहेत. पूड डोळ्यात गेल्यास बुबुळाला जखम होते आणि रुग्ण असह्य वेदनेने दवाखान्यात येतो. झाडातल्या द्रव्यात ताकद आहे हे मान्य केले, की ती ताकद इजाही करू शकते हेही मान्य करावे लागते.

हळकुंड, वसमत

डॉक्टरसाहेब, धन्यवाद. म्हणजे तेलाच्या फोडणीत हळद घालण्याला काही अर्थ आहे की नाही?

बालाघाटचा_वैद्य, अंबाजोगाई

नक्कीच आहे. कुरक्युमीन तेलात विरघळते, त्यामुळे फोडणीतली हळद पाण्यात कालवलेल्या हळदीपेक्षा बरी. परंतु ते अन्न म्हणून घ्यावे, औषध म्हणून नव्हे. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले होते. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या काळात जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन ते १९९७ साली रद्द करून घेतले. जे ज्ञान आपले आहे ते आपण जबाबदारीनेही सांगितले पाहिजे, असे मला वाटते.

विरजण, नांदेड

मी सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करते. वर काळी_कसदार सरांनी आतड्यातल्या जीवाणूंविषयी लिहिले आहे. पोटात जाण्यापूर्वी मडक्यात जे घडते त्याविषयी मला लिहायचे आहे, कारण लातूर-धाराशिवच्या वाचकांना येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचा रानातला सण, सांगावी लागत नाही. रानात भज्जी आणि उंड्यांबरोबर जी आंबील असते, ती आमच्या आजोळी आदल्या दिवशीच घातली जाई. ज्वारीचे पीठ ताकात कालवून मातीच्या मडक्यात रात्रभर ठेवत. सकाळपर्यंत त्यावर बारीक बुडबुडे येत आणि आंबूस वास सुटे. मग ते आधणाच्या पाण्यात शिजवून, पूर्ण निवल्यावर त्यात पुन्हा ताजे ताक, ठेचलेला लसूण, जिरे आणि मीठ घालत.

या रात्रभरात काय होते ते पाहू. ज्वारीत लोह व जस्त असते, पण फायटेट नावाचा घटक ते जखडून ठेवतो आणि आतड्यात शोषू देत नाही. ताकातले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू पीठ आंबट करतात. त्या आंबटपणात धान्यातलेच फायटेज हे विकर (एन्झाइम) अधिक जोमाने काम करते आणि फायटेट तोडते, त्यामुळे जखडलेली खनिजे मोकळी होतात. पीठ शिजवल्यावर आधीचे जीवाणू मरतात, परंतु तुटलेले फायटेट पुन्हा जोडले जात नाही. शेवटी निवलेल्या आंबिलीत घातलेल्या ताकातून जिवंत जीवाणूही मिळतात. उकळत्या आंबिलीत ताक घातले असते तर ते मिळाले नसते. परभणीच्या कृषी विद्यापीठातून इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हे लोह व जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण प्रसारित झाले. अशा ज्वारीची आंबील झाली तर बियाण्यातले गुण ताटापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या भगिनींमध्ये रक्तक्षय किती आहे हे डॉक्टर जाणतातच. भाकरीबरोबर लिंबाची फोड घेणे आणि जेवणाला लागून चहा टाळणे या दोन बिनखर्चाच्या गोष्टी आहेत, कारण क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते आणि चहातले टॅनिन ते घटवते.

सूक्ष्मजीवांनी माणसाला दिलेली द्रव्ये केवळ आंबवण्यापुरती नाहीत. ब-१२ जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करत नाही, ते जीवाणूच तयार करतात आणि शाकाहारी माणसाला दूध, दही, ताक यांतून मिळते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांची सुरुवात जपानच्या अकिरा एन्डो यांनी १९७३ साली केली. सुमारे ६,००० सूक्ष्मजीव तपासल्यानंतर क्योटोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत त्यांना हवे ते द्रव्य मिळाले. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीरोधक औषध शोधले, आणि त्या जीवाणूच्या नावातही पिंपरी आहे. पहिल्या पावसाला मातीचा जो वास येतो तोही मुख्यतः याच कुळातल्या जीवाणूंच्या जिओस्मिन या द्रव्याचा असतो. मी अभ्यासासाठी शेतातली काळी माती आणते, तेव्हा बशीत खडूच्या पुडीसारख्या पांढुरक्या कोरड्या ठिपक्यांच्या रूपाने हे जीवाणू उगवलेले दिसतात, आणि झाकण उघडताच तोच वास येतो.

मोसंबीचा_बाग, जालना

ताई, एक विचारतो. परतीच्या पावसात ज्वारी काळी पडली, तर ती धुऊन, वाळवून आणि भाजून खाल्ली तर चालते का? आमच्याकडे तसे करतात.

विरजण, नांदेड

दादा, कृपया तसे करू नये. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत अवकाळी पावसात भिजून बुरशी आलेली ज्वारी आणि मका खाल्ल्याने पोटदुखी व जुलाबाची साथ आली होती. त्या धान्यात फ्युजेरियम बुरशीने तयार केलेले फ्युमोनिसिन हे विष सापडले. बुरशी धुतली जाते, विष दाण्यात राहते, आणि तव्याच्या उष्णतेने ते पुरेसे नष्ट होत नाही. शेंगदाण्यावरील अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचेही तसेच आहे. काळी पडलेली ज्वारी जनावरांना घालतानाही पशुवैद्यांना विचारावे. जवसफूल ताईंनी शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, बुरशी आलेले आणि आतून काळपट दाणे बाजूला काढावेत.

मांजराकाठ, लातूर

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, परंतु मला एक अडचण मांडायची आहे. बाजारात शेजारच्या फळीवर ‘शंभर रोगांवर उपाय’ असे लिहिलेली पाकिटे खपत असतात. आपण प्रामाणिकपणे साधे शब्द छापले तर ग्राहक आपल्याकडे वळणारच नाही. गरीब बायकांच्या गटानेच सगळा नियम पाळायचा का?

बालाघाटचा_वैद्य, अंबाजोगाई

आपली तळमळ रास्त आहे. तरीही गटाच्या हिताचाच विचार करून सांगतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या नियमांनुसार खाद्यपदार्थ रोग बरा करतो किंवा टाळतो असा दावा करता येत नाही. कर्करोगासारख्या आजारांविषयी औषधी दावे करण्यावर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानेही बंदी आहे. कारवाई झाली तर पाकिटावर नाव बचत गटाचे असेल, वितरकाचे नव्हे. कॅप्सूल हा प्रकार तर साध्या खाद्यपदार्थात मोडतच नाही आणि त्याचा परवाना, तपासण्या, जबाबदारी सगळेच वेगळे असते. शिवाय माझ्याकडे येणारा एखादा रुग्ण ‘कर्करोगरोधक’ वाचून उपचार लांबणीवर टाकू शकतो. असे रुग्ण मी पाहिले आहेत. चटणीचा खप त्या किमतीला वाढू नये.

जवसफूल, औसा तालुका

आज गटाच्या बैठकीत आपली सर्व उत्तरे वाचून दाखवली. वितरकाचा प्रस्ताव आम्ही नाकारला आहे. दोघी-तिघी नाराज आहेत, परंतु बिनमिठाच्या जवसाच्या पुडीची कल्पना त्यांनाच सर्वांत जास्त आवडली. पाकिटासाठी असा मजकूर लिहिला आहे: ‘मंद आचेवर भाजून कुटलेला जवस. जवसात अल्फा लिनोलेनिक आम्ल, तंतू आणि लिग्नान नैसर्गिकरीत्या असतात. भाकरीच्या किंवा पोळीच्या पिठात मिसळावा. उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ठेवावा. खवट वास आल्यास वापरू नये.’ यात काही चुकत असेल तर सांगावे.

काळी_कसदार, परभणी

मजकूर चांगला आहे. दोन सूचना आहेत. ‘ओमेगा-३ ने समृद्ध’ असे पुढे कधी लिहायचे झाल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून १०० ग्रॅममागे किती आम्ल आहे ते तपासून घ्यावे लागेल, आणि लिग्नानचा नुसता उल्लेखही अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांना आधी दाखवून घ्यावा. दुसरे म्हणजे, वापरण्याची अंतिम तारीख अंदाजाने टाकू नका. एकाच घाण्यातली काही पाकिटे बाजूला ठेवा, त्यांतले एक लगेच आणि बाकीची ठरावीक अंतराने पेरॉक्साइड मूल्यासाठी तपासायला द्या. तेल कधी खराब होऊ लागते ते त्यावरून कळेल. पाकिटे चैत्र-वैशाखात, दुकानात असतात तशीच फळीवर ठेवून तपासा. थंडीत तपासून काढलेली तारीख लातूरच्या उन्हाळ्यात टिकणार नाही.